इनहिबिटरी पेशी जर बाकीच्यांना गप्प करतात, तर हिप्पोकॅम्पसमध्ये (मेंदूच्या आतला, आठवणींशी जोडलेला भाग) लय येते कुठून?

प्रश्न वाचला आणि राहवलं नाही, कारण नेमकं याच्यावरूनच माझं आमच्या साडभाऊंशी एका बारशात वाजलं होतं आणि ते अजून मिटलेलं नाही.

मी नागपुरात धंतोलीला ईईजी (मेंदूतल्या विजेच्या लहरींची नोंद) टेक्निशियन आहे. डोक्याची टेपनं मापं घ्यायची, पेस्ट लावून इलेक्ट्रोड चिकटवायचे, हे माझं काम. रिपोर्ट डॉक्टर देतात हे कबूल, पण रेघा दिवसभर माझ्यासमोर पळतात. साडभाऊ नीटचे बायोलॉजीचे क्लासेस घेतात. बारशाची जेवणं आटोपून सगळे गच्चीवर बसलो होतो, तिथं नात्यातल्या एका पोरानं जवळपास तुमचाच प्रश्न विचारला. साडभाऊ गाबावर, म्हणजे इनहिबिटरी पेशी सोडतात त्या रसायनावर, म्हणाले, "गाबा म्हणजे ब्रेक. विषय संपला, परीक्षेला एवढंच येते." मी म्हटलं, भाऊजी, क्लोबाझामसारख्या फिटच्या गोळ्या गाबाचा असर वाढवतात ना, मग नुसता ब्रेक असता तर त्या पेशंटची रेघ फक्त मंदच व्हायला पाहिजे होती, पण आम्हाला तर उलट बीटा नावाच्या बारीक फास्ट लहरी वाढलेल्या दिसतात, ते काऊन? तर सगळ्यांसमोर म्हणतात, "तू वायरी लावतोस, शिकवायचं काम आमचं आहे." बायकोनं डोळे वटारले म्हणून मी गप्प बसलो, नाहीतर तिथंच सांगणार होतो. तेच आता इथं सांगतो.

बास्केट सेल ही एक इनहिबिटरी पेशी. अशी एकच पेशी हजाराहून जास्त पिरॅमिडल पेशींच्या (हिप्पोकॅम्पसच्या मुख्य, दुसऱ्यांना चेतवणाऱ्या पेशी) थेट अंगावर सिनॅप्स, म्हणजे जोडणी, करते. ती फायर झाली, म्हणजे तिनं सिग्नल सोडला, की त्या सगळ्या एकदम दबतात, आणि एकदम दबल्या म्हणूनच गाबाचा असर उतरला की जवळपास एकाच वेळी मोकळ्या होऊन सोबत फायर करतात. म्हणजे गप्प करणं हेच वेळ जुळवणं आहे! 1995 मध्ये ऑक्सफर्डच्या पीटर सोमोग्यींच्या टीमनं उंदराच्या हिप्पोकॅम्पसच्या कापात दाखवलं की एकटी इनहिबिटरी पेशीसुद्धा अशा पेशींचं फायरिंग जुळवू शकते. मग थीटा, सेकंदाला साधारण 4 ते 12 वेळा येणारी लय. तिच्यासाठी मीडियल सेप्टम या मेंदूतल्या दुसऱ्या भागातल्या गाबावाल्या पेशी हिप्पोकॅम्पसमधल्या इनहिबिटरी पेशींनाच तालावर दाबत राहतात, म्हणजे दाबणाऱ्यालाच दाबायचं. आणि हिप्पोकॅम्पसमधल्या इनहिबिटरी पेशी काही एकाच जातीच्या नाहीत. 2003 मध्ये क्लाउसबर्गर आणि सोमोग्यींनी भूल दिलेल्या उंदरांत पाहिलं की थीटाच्या एकाच लाटेत अॅक्सो-अॅक्सॉनिक पेशी शिखराच्या आसपास फायर होतात, पार्व्हअल्ब्युमिन हे प्रथिन असलेल्या बास्केट पेशी उतारावर, तर ओ-एलएम नावाच्या पेशी तळाशी. पिरॅमिडल पेशीच्या अंगावर, अॅक्सॉनच्या (सिग्नल बाहेर नेणारा धागा) सुरुवातीला, लांबच्या डेंड्राइटवर (सिग्नल घेणारी फांदी), प्रत्येकीची जागा वेगळी आणि वेळही वेगळी. याला ब्रेक म्हणणाऱ्यानं आधी सांगावं की कोणत्या गाडीला इतके ब्रेक असतात आणि तेही पाळीपाळीनं लागणारे.

हां, बीटाचं उदाहरण मी दिलं ते कॉर्टेक्सचं, म्हणजे मेंदूच्या वरच्या थराचं आहे बाप्पा, हिप्पोकॅम्पस इतका आत असतो की त्याचा थीटा डोक्यावरच्या इलेक्ट्रोडनं सरळ वाचता येत नाही. साडभाऊंनी हा मुद्दा काढला असता तर मी मानलं असतं, पण त्यांनी वायरी काढल्या. शिवाय लय काही इनहिबिटरी पेशी एकट्या बनवत नाहीत, शेजारच्या एन्टोऱ्हायनल कॉर्टेक्समधून येणारं इनपुट आणि पिरॅमिडल पेशींचे स्वतःचे गुणधर्मही त्यात असतात, आणि वर सांगितलेलं बहुतेक काम उंदरांवरचं आहे, माणसाला जसंच्या तसं चिकटवू नका.

तुम्ही शिकवत असाल तर ब्रेक हा शब्द पहिल्या तासाला वापरूच नका, एकदा डोक्यात बसला की निघत नाही. 1995 चा प्रयोग आधी सांगा, मग पोरं आपणच विचारतील की दबलेल्या पेशी मोकळ्या कधी होतात. खरी गोम तिथंच आहे, कारण गाबाचा असर जेवढा जास्त टिकतो तेवढी गॅमाची, म्हणजे थीटाहून वेगवान असलेली, लय हळू होते.