क्लासिक कादंबरीतली थीम आणि पात्रं उलगडायची कशी?

तुम्ही विचारलंय की कादंबरी पूर्ण वाचून होते, गोष्ट आवडते, लक्षातही राहते, पण त्यावर काही लिहायला बसलं की "ही प्रेमाबद्दलची कादंबरी आहे" किंवा "नायिका हळवी पण बंडखोर आहे" इथेच गाडी अडते, पुढे काही सुचत नाही. माझंही कॉलेजात बरेच दिवस हेच व्हायचं आणि मार्क बरे पडायचे त्यामुळे यात काही चुकतंय असं कोणी सांगितलंही नाही.

मला जे उशिरा कळलं ते आधीच सांगून टाकते. प्रेम, मत्सर, सत्ता, एकटेपणा हे सगळे नुसते विषय झाले. त्या विषयाबद्दल हे पुस्तक काय म्हणतंय ते म्हणजे थीम, आणि ती एका पूर्ण वाक्यात, क्रियापदासकट सांगता आली पाहिजे. ते वाक्य कच्चं असलं तरी चालेल, लिहून काढा. आणि मग खरं काम सुरू होतं, म्हणजे त्याच पुस्तकात असं कोण आहे जे तुमचं वाक्य खोटं पाडतं, ते शोधायचं. सापडलं की वाक्य दुरुस्त करायचं. विश्लेषण विश्लेषण म्हणतात ते माझ्या मते बरंचसं हेच आहे.

उदाहरण म्हणून टॉलस्टॉयची 'अ‍ॅना करेनिना' घेते कारण ती मी दोनदा वाचलीय आणि दोन्ही वेळा वेगळीच वाटली. (शेवट सांगावा लागणार आहे, वाचायची राहिली असेल तर आधी वाचून या.) ही 1875 ते 1877 मध्ये मासिकातून हप्त्याहप्त्याने आली. पहिल्यांदा वाचली तेव्हा मी वहीत लिहिलं होतं, "लग्नाबाहेरचं प्रेम माणसाचा नाश करतं." वाक्य पूर्ण आहे, ऐकायला ठीक आहे. पण दुसऱ्यांदा वाचताना पहिलंच प्रकरण आडवं आलं. कादंबरी नायिकेपासून, अ‍ॅनापासून सुरूच होत नाही, ती सुरू होते तिच्या भावापासून, स्टिव्हापासून. त्याचं मुलांच्या फ्रेंच गव्हर्नेसशी प्रकरण होतं, बायकोला कळलंय, आणि तो स्टडीतल्या सोफ्यावर झोपून उठतोय. अ‍ॅना मॉस्कोला येते ती मुळात भावाचा संसार वाचवायला! आणि वाचवतेही. स्टिव्हा पुढे सगळं पुस्तकभर तसाच राहतो, मजेत, सगळ्यांचा लाडका. बहीण गेल्यानंतर तो स्टेशनवर व्रॉन्स्कीला, म्हणजे अ‍ॅनाच्या प्रियकराला भेटतो तेव्हा टॉलस्टॉय सांगतो की तिच्या मृतदेहापाशी आपण कसे हमसून रडलो होतो हे तो साफ विसरून गेलाय. म्हणजे लग्नाबाहेरचं प्रेम सगळ्यांचा नाश करत नाही, माझं वाक्य तिथेच पडलं.

मग मी लिहिलं, "एकच चूक भावाला माफ होते, बहिणीला होत नाही." हे बरंच जवळचं आहे आणि खूप जण इथेच थांबतात. पण बेट्सी आहे ना! व्रॉन्स्कीची चुलतबहीण, प्रिन्सेस बेट्सी. बाई आहे, लग्न झालंय, तिचा मित्र कोण आहे ते सगळ्या पीटर्सबर्गला माहीत आहे, आणि तरी तिच्या दिवाणखान्यात सगळं मोठं जग येऊन बसतं. तिला कोणी वाळीत टाकत नाही. अ‍ॅना मात्र ऑपेराला जाते तेव्हा शेजारच्या बॉक्समधली बाई हिच्या शेजारी बसणं ही लाजिरवाणी गोष्ट आहे असं म्हणते. मग फरक कुठे पडला? बेट्सी झाकून ठेवते, सगळे नियम वरवर पाळते. अ‍ॅना नवऱ्याला तोंडावर सांगते की माझं दुसऱ्यावर प्रेम आहे, आणि घर सोडून जाते. मग वाक्य झालं, "हा समाज चुकीची शिक्षा देत नाही, चूक न लपवण्याची देतो, आणि बाईला ती जास्त देतो." आता यावर पाच पानं लिहिता येतात बघा, कारण प्रत्येक पात्र या वाक्याच्या कुठल्यातरी बाजूला उभं आहे. कादंबरीचा दुसरा नायक, जमीनदार लेव्हिन, त्याला तर लपवणं जमतच नाही, लग्नाआधी तो आपली खासगी डायरी होणाऱ्या बायकोच्या, किटीच्या हातात देतो आणि ती रडते. अर्धी कादंबरी लेव्हिनवर का खर्च केलीय हा प्रश्न मला पहिल्या वाचनात छळत होता (शेतीची ती पानं मी भराभर उलटली होती, आता वाईट वाटतं), त्याचं थोडंफार उत्तर इथे मिळालं.

त्या काळाचे नियम माहीत असले तर अजून उलगडतं. अ‍ॅनाचा नवरा करेनिन घटस्फोटासाठी वकिलाकडे जातो तेव्हा वकील मोजकी कारणं सांगतो, शारीरिक दोष, पाच वर्षं बेपत्ता असणं, व्यभिचार. आणि चर्चच्या नियमाने ज्याच्यावर दोष लागेल त्याला पुन्हा लग्न करता यायचं नाही. हे वाचलं की "मग तिने सरळ घटस्फोट का नाही घेतला" हा आपला आजचा प्रश्न गळून पडतो. पण संदर्भ गोळा करण्यात इतकंही अडकू नका की पुस्तक बाजूला राहील, आधी पुस्तक, मग जिथे अडेल तिथे संदर्भ.

आता वस्तूंबद्दल. आपल्याला शाळेपासून प्रतीकं शोधायची सवय लागलेली असते, लाल म्हणजे रक्त, पाऊस म्हणजे दुःख वगैरे. यातून फारसं हाती लागत नाही. त्यापेक्षा एखादी वस्तू दोनदा आली तर ती दोन्ही ठिकाणं शेजारी ठेवून वाचा. अ‍ॅनाची लहान लाल पिशवी घ्या. पहिल्या भागात मॉस्कोहून रात्रीच्या गाडीने परत जाताना ती सराईत हातांनी ती पिशवी उघडते, उशी काढते, नीट बसते. शेवटी ती गाडीखाली जीव द्यायला जाते तेव्हा रुळांपाशी तीच लाल पिशवी हातातून निघता निघत नाही, आणि त्या खटपटीत पहिला डबा निघून जातो. तिला पुढच्या डब्याची वाट बघावी लागते. तेवढ्या वेळात ती सवयीने क्रॉसची खूण करते, आणि त्या एका खुणेसरशी लहानपणचं सगळं, आयुष्यातला सगळा आनंद क्षणभर समोर उभा राहतो. म्हणजे ती पिशवी कशाचं प्रतीक वगैरे असण्याआधी तिने अ‍ॅनाला काही सेकंद जास्त जगवलंय. मला तिथे पुस्तक मिटून बसावं लागलं होतं.

वस्तूसारखंच शब्दांचं. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ' नाटकात दुसऱ्या अंकात राजाचा खून केल्यावर मॅकबेथ रक्ताळलेले हात बघून म्हणतो की अख्खा समुद्र ओतला तरी हे धुतले जायचे नाहीत, आणि त्याची बायको लेडी मॅकबेथ म्हणते थोडंसं पाणी पुरे आहे. पाचव्या अंकात कोण कुठे आहे बघा. ती झोपेत चालत हात चोळत बसलीय, डाग जात नाही, अरबस्तानातली सगळी अत्तरंही हा वास घालवू शकणार नाहीत म्हणतेय. आणि तो? तो लढाईच्या तयारीत आहे, बायको गेल्याची बातमी येते तेव्हा रडतसुद्धा नाही. दोघांनी जागा बदलल्या. "महत्त्वाकांक्षा वाईट" यापेक्षा हे किती वेगळं आहे! आणि ती पहिल्यापासून दगड होती असंही नाही, झोपलेला राजा माझ्या वडिलांसारखा दिसला नसता तर मीच केलं असतं असं ती खुनाच्या रात्रीच बोलून जाते. हे एक वाक्य निसटलं तर पाचवा अंक अचानक आल्यासारखा वाटतो.

अजून एक गोष्ट पटकन, कोण सांगतंय ते विसरू नका. हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो' मध्ये सगळं नायिका यमूच्या तोंडून येतं, त्यामुळे लहान यमूला जे कळलं नाही आणि मोठ्या यमूला जे कळतं यातली फट सतत दिसते. डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'मध्ये 'जो' नावाचा साधा लोहार नायकाला, पिपला भेटायला लंडनला येतो, बिचकून त्याला सर म्हणतो, त्याची हॅट फायरप्लेसवरच्या फळीवरून पुन्हा पुन्हा पडते आणि पिपला त्याची लाज वाटते. पण हे सांगणारा पिप मोठा झालाय आणि त्याला तेव्हाच्या स्वतःची लाज वाटतेय. एकाच प्रसंगात दोन पिप आहेत, आणि पात्राबद्दल लिहिताना कोणत्या पिपबद्दल लिहितोय ते स्पष्ट पाहिजे.

करायचं कसं म्हणाल तर मी पहिल्यांदा वाचताना काहीही विश्लेषण करत नाही, फक्त जिथे थांबावंसं वाटलं, खटकलं, राग आला तिथला पान नंबर पेन्सिलने शेवटच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवते. सारांश किंवा गाइड आधी वाचत नाही, कारण एकदा दुसऱ्याचं वाक्य डोक्यात बसलं की आपलं येतच नाही. पुस्तक संपलं की लगेच पहिलं प्रकरण परत वाचते. स्टिव्हाचं मला तसंच सापडलं.

आणि पात्रांनाही हाच नियम लावायचा. पात्राबद्दल एक वाक्य लिहा, मग ते मोडणारा प्रसंग शोधा. मी करेनिनबद्दल लिहिलं होतं, "कोरडा, नियमाला धरून चालणारा अधिकारी." अ‍ॅना पीटर्सबर्गला उतरते तेव्हा तिला पहिल्यांदाच जाणवतं की याचे कान कसे हॅटच्या कडेला टेकलेत. कान तर आधीही तसेच होते, बदलली होती ती अ‍ॅना, आपण त्याला तिच्या नजरेने बघतोय. मी कित्येक पानं त्या कानांवरच विश्वास ठेवून होते. मग चौथ्या भागात ती बाळंतपणात मरायला टेकते, तो तिला माफ करतो, व्रॉन्स्कीसमोर रडतो. आणि त्यानंतरचा एक छोटा भाग आहे जो पहिल्यांदा माझ्या डोळ्यांखालून तसाच निघून गेला होता. तेव्हा जन्मलेली मुलगी त्याची नाही हे त्याला माहीत आहे, सगळ्यांना माहीत आहे. तिच्याकडे कोणाचं लक्ष नाही, याने लक्ष घातलं नसतं तर ती जगली नसती. आणि हा माणूस दिवसातून कितीदा तरी नर्सरीत जातो, कधीकधी अर्धा अर्धा तास त्या झोपलेल्या बाळाचा लालसर, सुरकुतलेला चेहरा आणि घट्ट मिटलेल्या गुबगुबीत मुठी बघत बसतो.