वाचकांचे प्रश्न : वेस्टर्न दाखवायचे तर कसे?

प्रश्न : मे महिन्यात वाचनालयाच्या गच्चीवर चार जुने वेस्टर्न, म्हणजे घोडे-बंदुकांचे काउबॉय सिनेमे दाखवायचे आहेत. मंडळींना या प्रकाराची सवय नाही. कुठून सुरुवात करावी? – एक वाचक, तासगाव

उत्तर : कितीही आग्रह झाला तरी इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओनीचा 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' पहिल्या दिवशी नको. अडीच तासांच्या वर जातो आणि तासाभरात माणसं चुळबुळायला लागतात. 'हाय नून' (१९५२) लावा. अवघी ८५ मिनिटं. लग्नाच्याच दिवशी नोकरी सोडणाऱ्या मार्शलला, म्हणजे गावच्या पोलीस अधिकाऱ्याला कळतं, की त्यानं तुरुंगात धाडलेला गुंड बाराच्या गाडीनं येतोय. आणि गावातलं कुणी त्याच्या बाजूनं उभं राहत नाही. सिनेमातला वेळ आणि आपल्या मनगटावरचा वेळ जवळजवळ बरोबरीनं पळतात. भिंतीवरची घड्याळं सारखी दिसत राहतात. बारा वाजत आले की चर्चमधले चेहरे, दारूच्या गुत्त्यातले चेहरे, रिकामा रूळ, रिकामी खुर्ची असं एकेक दृश्य संगीताच्या ठेक्यावर येतं आणि गाडीची शिटी वाजते. गोळीबार त्यानंतरचा, तोही आटोपशीर. लक्षात राहते ती आधीची वाट पाहणी, आणि चांगल्या वेस्टर्नची खरी ताकद बहुतेक वेळा तिथंच असते.

यातलं आकाश मुद्दाम पांढरंफटक ठेवलंय. छायाचित्रकार फ्लॉइड क्रॉसबी यांनी फिल्टर टाळून जुन्या फोटोंचा कोरडेपणा आणला. चित्र फिकट दिसतंय म्हणून प्रोजेक्टरचा कॉन्ट्रास्ट वाढवू नका.

दुसरा 'स्टेजकोच' (१९३९), तिसरा 'शेन' (१९५३), लिओनीचा चौथा. 'स्टेजकोच'मधल्या पाठलागात याकिमा कनुट हा स्टंटमन धावत्या घोड्यांच्या मध्ये खाली पडतो आणि अख्खी गाडी त्याच्या अंगावरून जाते. तो प्रसंग आला की बोलणाऱ्यांना गप्प करा.

पडद्याचा हिशेब आधीच करा. ८ फूट रुंद आणि साडेचार फूट उंच पडदा असेल, तर पहिल्या दोन सिनेमांचं चित्र जेमतेम ६ फूट रुंद येईल आणि दोन्ही बाजू काळ्या राहतील. लिओनीचा सिनेमा पूर्ण ८ फूट व्यापेल, पण उंची साधारण ३ फूट ५ इंच भरेल. काळ्या पट्ट्या खटकतात म्हणून कुणीतरी हमखास 'झूम' किंवा 'स्ट्रेच' दाबतो. मग कब्रस्तानातल्या तिघांच्या सामन्यात कडेचा माणूस कापला जातो किंवा सगळेच आडवे फुगतात. मे महिन्यात साडेसातच्या आधी गच्चीवर अंधार पडत नाही, तेव्हा वेळ पावणेआठची ठेवा. घरगुती डिस्क घरापुरतीच असते. जाहीर खेळाला हक्कधारकाची परवानगी लागते.

प्रश्न : लिओनीच्या सिनेमात ओठ आणि संवाद जुळत नाहीत. प्रत खराब आहे का? – एक वाचक, मिरज

उत्तर : बहुधा नाही. या इटालियन सिनेमांत चित्रीकरणाच्या वेळी नट आपापल्या भाषेत बोलत आणि सगळा आवाज नंतर भरला जाई. त्यामुळं इंग्रजी प्रतीतही काहींचे ओठ जुळत नाहीत. शंका असेल तर गोळी किंवा दार आपटल्याचा आवाज बघा. तो चित्राबरोबर असेल तर प्रत ठीक. तोही मागून येत असेल तर ब्लूटूथ स्पीकर काढून वायरचा लावा, निम्म्या तक्रारी तिथंच मिटतात. संगणकावर व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर असेल तर 'जे' दाबून आवाज ५० मिलिसेकंद आधी आणता येतो, 'के'नं तेवढाच उशिरा येतो.

नंतर आवाज भरण्याचा फायदाही बघा. 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'च्या (१९६८) सुरुवातीला स्टेशनवर तिघे नुसते थांबलेत. पवनचक्कीची करकर, टोपीवर टपटपणारं पाणी, एकाच्या दाढीवर बसणारी माशी. बाकी काही नाही, आणि तरी नजर हलत नाही. हा भाग मोबाइलच्या स्पीकरवर पाहण्यात अर्थ नाही.

प्रश्न : गोळी लागल्यावर माणूस खरंच मागं उडतो का? – एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : नाही. बंदूक झाडणाऱ्याला बसतो त्याहून मोठा धक्का गोळी खाणाऱ्याला बसू शकत नाही. 'शेन'मध्ये चिखलात मारला जाणारा माणूस मागं फेकला जातो, कारण कपड्यांखाली बांधलेल्या तारेनं नटाला खेचलं होतं. त्यातल्या गोळ्यांचा आवाजही मुद्दाम दणदणीत ठेवलाय. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, पण मध्येच व्हॉल्यूम कमी करू नका.

प्रश्न : 'शोले'नं वेस्टर्नकडून नेमकं काय घेतलं? – एक वाचक, कराड

उत्तर : घोडे आणि बंदुका वरवरच्या. भाडोत्री लढवय्ये आणून गाव वाचवण्याची कल्पना 'द मॅग्निफिसंट सेव्हन'ची (१९६०), आणि त्या सिनेमावाल्यांनी ती जपानी दिग्दर्शक कुरोसावांच्या 'सेव्हन सामुराई'तून (१९५४) रीतसर घेतलेली. ठाकूरच्या कुटुंबाच्या हत्याकांडावर मात्र लिओनीची छाप आहे. 'वन्स अपॉन...'मधलं मॅकबेन कुटुंबाचं हत्याकांड त्याच्या लगोलग पाहा. दोन्हीकडे शेवटी उरतो तो लहान मुलगा, आणि गोळीचा आवाज आगगाडीच्या आवाजात मिसळतो. 'शोले'त झोक्याची करकर आहे, ती मात्र आपली.