पॅकेज सहा महिन्यांचं, कायदा तीस दिवसांचा

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला, तरी येणारे प्रश्न अजून १९८७च्या जुन्या कायद्यातलेच असतात. म्हणून पुन्हा एकदा.

प्रश्न : राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरण आणि मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळ एकच का? प्रमुख कोण असतं?

वेगवेगळी आहेत. रुग्णालयांची नोंदणी आणि दर्जा हे प्राधिकरणाचं काम. अध्यक्ष आरोग्य विभागाचे सचिव किंवा प्रधान सचिव. रुग्णाचे हक्क आणि भरतीविरुद्धची दाद मंडळाकडे. तिथे अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश, त्या पदाला पात्र न्यायिक अधिकारी किंवा निवृत्त जिल्हा न्यायाधीश. सहा जणांत मनोविकारतज्ज्ञ एक, दुसरा एक डॉक्टर. दोन जागा रुग्ण, काळजीवाहक किंवा संस्थांच्या प्रतिनिधींच्या. ‘मंडळ डॉक्टरांचंच’ ही ऐकीव गोष्ट सोडा.

प्रश्न : घरच्यांनी भरती करायला कोर्टाचा हुकूम लागतो का?

नाही. आधी मनोविकारतज्ज्ञाला दाखवा.

प्रश्न : दारू पिणाऱ्या भावाला व्यसनमुक्ती केंद्राची माणसं घरून गाडीत घालून घेऊन गेली. सहा महिन्यांचे पैसे आगाऊ घेतले. दोन महिने भेट नाही म्हणतात. सही आम्हीच केली. आता?

तुमच्या सहीने त्याला सहा महिने डांबायचा परवाना मिळत नाही. दारूशी निगडित मनोविकार या कायद्यात येतात, म्हणून असे रुग्ण ठेवणाऱ्या केंद्राला प्राधिकरणाची नोंदणी लागते. नसेल तर पहिल्याच वेळी ५,००० ते ५०,००० रुपये दंड आहे.

भाऊ राजी नसेल तर भरती फक्त कलम ८९खाली. त्यासाठी प्रतिनिधीचा, म्हणजे त्याने नेमलेल्या माणसाचा किंवा कुणी नेमलं नसेल तर नातेवाइकाचा, अर्ज हवा. शिवाय भरतीच्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत दोघांनी त्याला स्वतंत्रपणे तपासलेलं हवं. त्यातला एक मनोविकारतज्ज्ञच. गाडीतल्या दोन दांडग्यांनी दंड धरला, ही तपासणी नव्हे! केंद्राने सात दिवसांत मंडळाला कळवायचं. रुग्ण स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत. भरतीची मुदत जास्तीत जास्त ३० दिवस. पुढे ठेवायचं तर दोन मनोविकारतज्ज्ञांची नवी तपासणी आणि मंडळाची मंजुरी, तीही पहिल्यांदा ९० दिवसांपर्यंतच. आगाऊ सहा महिन्यांचं ‘पॅकेज’ यात कुठेच बसत नाही. ते फक्त पावतीपुस्तकात असतं.

भेटी-फोन हा त्याचा हक्क आहे. मंडळाचा पत्ता आणि फोन नंबर केंद्रात दर्शनी जागी लावलेला असलाच पाहिजे. तो दिसत नसेल तर काय समजायचं ते समजा. केंद्राला आजच लेखी विचारा : भरती कोणत्या कलमाखाली, कोणत्या तारखेला, तपासलं कोणी, मंडळाला कधी कळवलं. त्याची पोच घ्या. उत्तराची वाट बघत बसू नका, मंडळाकडे अर्ज करा; अशा अर्जाचा निकाल सात दिवसांत द्यायचा असतो. त्याने वेगळा प्रतिनिधी नेमला नसेल तर नातेवाईक म्हणून तुम्ही अर्ज करू शकता.

मात्र भांडून त्याला ओढत घरी आणू नका. दारू सोडवताना दिलेल्या काही गोळ्या एकाएकी बंद झाल्या तर फिट येऊ शकते. औषधांची चिठ्ठी हातात घ्या आणि दुसऱ्या मनोविकारतज्ज्ञाला आधी दाखवा.

प्रश्न : मंडळाकडे फी किती? वकील लागतो?

फी नाही. वकील सक्तीचा नाही. रुग्णाला तो जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो, तिथे विचारा.

प्रश्न : भूल न देता शॉक देतात, खरं का?

कायद्याने बंदी आहे. कुणी दिला असेल तर तारखेसह मंडळाला कळवा.

प्रश्न : मंडळाचा निर्णय पटला नाही तर?

उच्च न्यायालय, ३० दिवसांच्या आत. वकिलाला पहिल्याच आठवड्यात भेटा.