बागेतलं हवामान केंद्र घरच्या संगणकाला जोडताना

प्रश्न : द्राक्षबागेतल्या हवामान केंद्राला कॅम्पबेल कंपनीचा सीआर१०००एक्स लॉगर (मोजमापं नोंदवणारं यंत्र) आणि ४जी मोडेम आहे. रेंज पूर्ण, तरी घरच्या संगणकावरच्या लॉगरनेटमधून (लॉगरशी बोलणारं कॅम्पबेलचं सॉफ्टवेअर) जोडणी होत नाही. काय करावं?

उत्तर : आधी मोडेमच्या स्टेटस पानावर आयपी पत्ता बघा. तो १०.x.x.x किंवा १००.६४ ते १००.१२७ यांतला असेल, तर तो मोबाइल कंपनीच्या आतला खासगी पत्ता आहे. बाहेरून तिथे पोचताच येत नाही. मग लॉगरनेटशी कितीही झटापट करा.

उपाय दोन. स्थिर सार्वजनिक आयपीचं (बाहेरून थेट पोचता येईल अशा, न बदलणाऱ्या पत्त्याचं) सिम घ्या. नाहीतर उलटा मार्ग धरा, म्हणजे लॉगरनेच घरी जोडणी करायची, आमच्या मते तोच स्वस्त : लॉगरच्या पाकबस (कॅम्पबेलच्या यंत्रांची संवादपद्धत) टीसीपी क्लायंट या सेटिंगमध्ये घरचा सार्वजनिक पत्ता आणि पोर्ट ६७८५ भरा, लॉगरनेटमधलं आयपीपोर्ट (इंटरनेट जोडणीचं सेटिंग) फक्त ऐकण्यावर ठेवा, म्हणजे ते लॉगरच्या जोडणीची वाट बघेल. राउटरवर ६७८५ संगणकाकडे वळवा, विंडोज फायरवॉलमध्येही उघडा. घरच्या ब्रॉडबँडलाही सार्वजनिक पत्ता हवाच, हे विसरू नका.

लॉगरचा पाकबस पत्ता मुळात १ असतो. तो बदलला असेल तर लॉगरनेटमध्येही तोच हवा. पोर्ट उघडं ठेवताना पाकबस एन्क्रिप्शन की (संवाद गुप्त ठेवणारी किल्ली) लॉगर आणि लॉगरनेट दोन्हीकडे जरूर घाला.

जोडणी फक्त पहाटे तुटत असेल, तर बॅटरीचा व्होल्टेज तपासा; केंद्र सौर पॅनेलवर असेल तर रात्रभरात बॅटरी उतरलेली असू शकते.