दळणाचा डबा

प्रिय ताई,

मी २९ वर्षांची, बँकेत नोकरी करते, डोंबिवलीत राहते. गाव रायगड जिल्ह्यात. दीड वर्षापूर्वी भावाने दुसऱ्या जातीतल्या मुलीशी रजिस्टर लग्न केलं. आधी गावाच्या मुंबई मंडळाची बैठक झाली, मग गावात देवळासमोर, आणि आम्हाला वाळीत टाकलं. ५१ हजार दंड आणि देवळात नारळ ठेवून माफी. तोवर आमच्याशी जो बोलेल त्याला पाचशे रुपये. यंदा शिमग्याला पालखी आमच्या दारावरून पुढे गेली. आई ओट्यावर ताट घेऊन उभीच राहिली, अजून तिचं रडं थांबत नाही. गिरणीवाला दळण घेत नाही. समोरच्या काकू मंगळवारी बाजाराला जाताना आमचाही डबा नेतात, म्हणून भागतं. (त्यांचं घर सात वर्षांपासून बंद आहे, म्हणजे तेही वाळीतच, पण ते वेगळं प्रकरण.) बाबांना जास्त लागलंय, कारण बावीस वर्षं गावकीची वही त्यांनीच लिहिली. भाऊ म्हणतो, एक रुपया द्यायचा नाही. मला वाटतं, आई-बाबांसाठी मी गुपचूप भरून टाकावेत. ऑफिसात सांगितलं तर सगळे म्हणतात, महाराष्ट्रात? अजून? काय करू?

– एक मुलगी, डोंबिवली

पैसे भरू नकोस. पण एवढंच सांगायला मी कशाला हवी, भाऊ ते सांगतोच आहे. मला तुझ्या पत्रातल्या पालखीपेक्षा आणि ५१ हजारांपेक्षा तो कंस खुपला. ‘पण ते वेगळं प्रकरण.’

वेगळं कसं गं? तीच गावकी, तेच देऊळ, तीच वही. आणि सात वर्षांपूर्वी ती वही तुझे बाबा लिहीत होते. म्हणजे काकूंच्या घराची ओळ बाबांच्या अक्षरात आहे. त्यांचं घर कशावरून बंद झालं, हे तू लिहिलेलं नाहीस. सात वर्षांत कधी विचारलंच नाहीस, की विचारलंस आणि लिहिण्याजोगं वाटलं नाही? तुमच्या दारात पालखी यायची तेव्हा ती काकूंच्या दारावरून पुढे जाऊनच यायची. तेव्हा तुमच्या घरात कोणी रडलं होतं का?

आईचं वाईट वाटतं. तरी या उत्तरात ते मी बाजूला ठेवणार आहे, कारण तुमच्या घरात सध्या सगळे हिशेब आईच्या डोळ्यांतल्या पाण्यावर चाललेत आणि त्यातूनच ‘गुपचूप भरून टाकते’ निघालंय.

आता त्या डब्याकडे बघ. तांदळाचं ताजं दळण गरम असतं. झाकण घट्ट लावलं तर आत वाफ धरते आणि घरी येईपर्यंत पिठाच्या गाठी होतात. म्हणून ते झाकण सैल ठेवून आणावं लागतं, एसटीच्या गर्दीत, सांडू न देता. असे दोन डबे. एक स्वतःचा आणि एक त्या माणसाच्या घरचा, ज्याने आपलं नाव वहीत लिहिलं. आणि तू त्यांना कंसात टाकलंस.

तेव्हा माझं सांगणं एकच आहे. येत्या शनिवारी गावी जा आणि बाबांना घेऊन ती गल्ली ओलांड. आईला नाही, भावाला नाही, बाबांना. त्यांनी काकूंच्या ओट्यावर बसावं आणि वहीत काय लिहिलं होतं ते स्वतःच्या तोंडाने सांगावं. ‘पंचांनी सांगितलं म्हणून लिहिलं’ हे वाक्य वापरायचं नाही. काकू काय म्हणतील ते ऐकून घ्यायचं. चहा दिला तर प्यायचा. बाकी सगळं त्यानंतर.

बाकीचं म्हणजे कायदा. तो तुमच्या बाजूने आहे, पण त्यातली एक गोष्ट तुला आवडणार नाही.

सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा विधिमंडळाने २०१६ मध्ये मंजूर केला आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर जुलै २०१७ पासून तो लागू झाला. बहिष्कार घालणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यासाठी बैठक बोलावणारे, तीत बसून ठरवणारे आणि मदत करणारेही त्यात येतात. आता हिशेब कर. काकूंचं घर बंद झालं तेव्हा हा कायदा लागू झालेला होता. मदत करणाऱ्यांत वही लिहिणारा येऊ शकतो.

घाबरून वही जाळायची नाही. ती अजून घरात असेल तर एक पानही फाडू नका, खाडाखोड नको, नवीन ओळ नको, आणि ‘जरा बघायला द्या’ म्हणत पंच आले तर हातात देऊ नका. पहिल्या पुठ्ठ्यापासून शेवटच्या पुठ्ठ्यापर्यंत प्रत्येक पानाचे फोटो काढा, कोरी पानंसुद्धा. पंचांनी ती आधीच नेली असेल तर बाबांना आठवेल तेवढं तारखांसह लिहून काढायला सांग. आणि पोलिसांकडे जाण्याआधी वही वकिलाला दाखवा, कारण बाबांनी साक्षीदार म्हणून उभं राहायचं कसं हे त्यांना विचारूनच ठरवावं लागेल. वकिलाच्या फीची काळजी नको. स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात त्यांची समिती असते, फोन १५१००. अर्ज आईच्या किंवा वहिनीच्या नावाने करा. काकूंना लागला तर त्यांचा वेगळा. पण तक्रार करायची की नाही हे काकू ठरवतील, तुम्ही गळ घालायची नाही.

वहीवर एवढा भर का? कारण अशा खटल्यात पंचांचा बचाव ठरलेला असतो: ‘आम्ही कोणाला अडवलं नाही, लोकच आपणहून बोलत नाहीत.’ आणि न बोलणं हा काही गुन्हा नाही. बोलणाऱ्याला पाचशे रुपये दंड ठरवणं हा गुन्हा आहे, आणि तो दंड फक्त दोन ठिकाणी सापडतो, वहीत आणि मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. ग्रुपवरून तुम्हाला काढलं असेल तरी जुने मेसेज फोनमध्ये राहतात. ते पुसू नका, फोन बदलू नका, रिसेट तर मुळीच करू नका. नुसत्या स्क्रीनशॉटवर भागत नाही. कोर्टात असा पुरावा देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते वकील करून घेतील, मूळ फोन मात्र तुमच्याकडे हवा.

तक्रारीत ‘आम्हाला वाळीत टाकलं’ एवढंच लिहिलंत तर ती तिथेच लुळी पडते. घडलेलं लिहा. बैठक कोणत्या तारखेला, कुठे, कोण बोललं, आकडा कोणी सांगितला. गिरणीवाल्याने दळण कधी परत केलं, तेव्हा तो काय म्हणाला. पालखी कोणत्या दिवशी दारावरून पुढे नेली, खांद्यावर कोण होते. गावकीचे टोप-पराती, सतरंज्या मागितल्या आणि नाकारल्या असतील तर तेही. वहिनी अनुसूचित जाती-जमातीतली असेल तर तेही वरच लिहा, कारण मग अ‍ॅट्रॉसिटी कायदाही लागू होऊ शकतो आणि तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जातो.

पोलीस ठाण्यात नुसता अर्ज घेऊन शिक्का मारून देतील आणि ‘गावातलं गावात मिटवा, पंचांना बोलावतो’ म्हणतील. बसू नका. हा गुन्हा दखलपात्र आहे, एफआयआर मागा, तिची प्रत फुकट मिळते. नाही घेतली तर तीच तक्रार जिल्हा पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने, पोच जपून ठेवायची. तिथेही काही हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे. तडजोड करायचीच झाली तर ती न्यायालयाच्या परवानगीने होते, ठाण्यातल्या बाकड्यावर नाही. माफीचा नारळ ठेवायला पुन्हा बैठक बोलावली असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे आधीच अर्ज द्या, ती बैठक रोखण्याचा अधिकार त्यांना आहे. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं जातपंचायत मूठमाती अभियान २०१३ पासून हेच काम करतंय. त्यांचे कार्यकर्ते ठाण्यात सोबत येतात, आणि सोबत कोणी असलं की फौजदाराची भाषा बदलते.

वेळ दवडू नका. एवढ्या शिक्षेच्या गुन्ह्याची दखल न्यायालयाने घ्यायला साधारण तीन वर्षांची मुदत असते. तुमचं दीड वर्ष गेलंय. काकूंच्या बाबतीत बहिष्कार आजही चालू आहे, म्हणजे गुन्हाही चालू आहे, असं वकील मांडू शकतात.

आणि हा गुन्हा जामीनपात्र आहे. पंच बहुतेक त्याच दिवशी घरी परततील. ती रात्र वाईट असते. त्या रात्री घरात आई-बाबा दोघंच नकोत. भाऊ, वहिनी, तू, सगळे हवेत, आणि ११२ फोनवर तयार.

ऑफिसातल्यांचं ‘महाराष्ट्रात? अजून?’ मनाला लावून घेऊ नकोस, पण त्यांना बरोबर उत्तर दे. ज्या जिल्ह्यात १९२७ साली महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, त्याच रायगडातून हा कायदा होण्याआधी वाळीत टाकल्याच्या तक्रारींची रांग लागली होती. आणि हे काही कुठल्या आडबाजूच्या डोंगरातलं नाही. तूच लिहितेस, पहिली बैठक मुंबई मंडळाची. देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी मुंबईहून जाते, शिमग्याच्या आणि गणपतीच्या रजा मुंबईत टाकल्या जातात, आणि कोणाचं घर बंद करायचं हेही तिथेच रविवारी बसून ठरतं. ठरवणाऱ्यांतले काही जण तुझ्याच लोकलने जात असतील. यातून एक फायदाही निघतो. बैठक मुंबईत झाली असेल तर तिथल्या ठाण्यातही तक्रार देता येते, आणि तिथला फौजदार गावच्या सरपंचाच्या ओळखीचा असेलच असं नाही.

आता ते ५१ हजार. ते रोख जातात, पावती मिळत नाही, वहीत ‘देणगी’ म्हणून चढतात. मग गावजेवण. मग थकलेली वर्गणी. मग ‘सुनेने अजून देवळात यायचं नाही’ ही नवी अट, आणि ती मोडली की नवा दंड. शिवाय तू भरलेस की तो आकडा ठरून जातो. पुढच्या मुलाने मनासारखं लग्न केलं की त्याच्या बापाला सांगतील, अमक्यांनी ५१ दिले होते. अमके म्हणजे तुम्ही.

गुपचूप तर नकोच. भावाला हे उद्या कळेल, वहिनीला त्याच्याआधी.

शनिवारी निघताना एक लक्षात ठेव. काकूंचा डबा तुमच्याकडे असेल तर रिकामा परत द्यायचा नसतो. आत काय घालायचं ते आईला विचार. घेऊन जायचा मात्र बाबांनी, दिवसाउजेडी, सगळ्या गल्लीला दिसेल असा.