मुलीचा जीन रिपोर्ट आणि कॉमर्सचा हट्ट

तुमचं पत्र दोनदा वाचलं. वडील जठराच्या कॅन्सरने गेले म्हणून तुम्ही मुलीला 'हिमोग्लोबिन बघायचंय' असं सांगून तिचं रक्त जेनेटिक टेस्टला पाठवलंत, आयएल-वन-बीटा जीनमध्ये 'रिस्क'वाला बदल आला, आणि आता तिला मायक्रोबायोलॉजी करायचंय तर लॅबमध्ये जंतू असतात म्हणून तुम्ही तिला कॉमर्स घ्यायला लावताय, खरं कारण मात्र तिला अजून माहीतच नाही.

तुम्ही वडिलांचं दुखणं जवळून पाहिलंय, भीती वाटणारच. पण सोळा वर्षांच्या मुलीच्या शरीराची माहिती तिच्यापासूनच लपवायची आणि त्याच माहितीवर तिचं शिक्षण ठरवायचं, हे मला अजिबात पटलं नाही. दहावीला ८८ टक्के मिळवूनही बाबा नाही का म्हणतायत, याचं ती काय उत्तर शोधत असेल? महिनाभर ती सगळ्यांसोबत जेवायला बसत नाही असं तुम्हीच लिहिलंय, आणि मला त्या रिपोर्टपेक्षा या वाक्याची जास्त काळजी वाटतेय.

आता रिपोर्टचं बघू. जठराच्या बहुतेक कॅन्सरमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू असतो, १९९४ मध्येच तो कॅन्सरकारक म्हणून जाहीर झालाय. जगातल्या जवळजवळ निम्म्या लोकांच्या पोटात तो सापडत आलाय, पण कॅन्सर होतो त्यातल्या शंभरात एक ते तीन जणांना. असं का, याचा एक धागा २००० साली मिळाला. आयएल-वन-बीटा हा इम्युनिटीचा एक सिग्नल, जंतू दिसला की तो सूज वाढवतो आणि जठरातलं अ‍ॅसिड दाबतो. काहींच्यात जीनमुळे तो जास्त जोरात येतो, मग अ‍ॅसिड कमी पडतं, जंतू जठराच्या वरच्या भागातही पसरतो, अ‍ॅसिड बनवणाऱ्या ग्रंथी झिजत जातात, आणि हे कित्येक वर्षं चालल्यावर कुठे काहींच्यात गोष्ट कॅन्सरपर्यंत जाते. म्हणजे जंतूच नसेल तर या साखळीला सुरुवात कुठून होणार? शिवाय हा बदल खूप लोकांत असतो, आणि पुढे वेगवेगळ्या लोकसमूहांत तपासलं तर निकाल सगळीकडे सारखे आलेच नाहीत. सीडीएच-वन या जठराच्या आनुवंशिक कॅन्सरशी जोडलेल्या जीनमधला घातक बदल असता, ज्याला जंतूची गरज लागत नाही, तर मी वेगळं बोलले असते, पण तुमच्या रिपोर्टमध्ये त्या जीनमध्ये काही सापडलेलं नाही.

लॅबची भीती तर उलटीच आहे. हा जंतू बहुतेकांना लहानपणी लागतो आणि तोही घरातच, आईकडून, वडिलांकडून, भावंडांकडून. लॅबमध्ये निदान ग्लोव्हज असतात.

आणि मला सांगा, तुमच्या वडिलांच्या रक्ताचे सगळ्यात जवळचे तुम्ही, त्यांच्याच घरात वाढलात, मग तुमची जंतूची टेस्ट झाली का? पत्रात त्याबद्दल एक ओळ नाही. कोरियात जठराचा कॅन्सर झालेल्यांची भावंडं आणि मुलं घेऊन एक अभ्यास झाला, २०२० मध्ये छापून आला, साधारण नऊ वर्षांत जंतूचं औषध दिलेल्या गटात १.२ टक्के लोकांना कॅन्सर झाला आणि न दिलेल्या गटात २.७ टक्के. श्वासाची साधी टेस्ट असते, जंतू निघाला तर अँटिबायोटिक आणि अ‍ॅसिड कमी करणाऱ्या गोळ्यांचा बहुधा दोन आठवड्यांचा कोर्स. पोटाच्या डॉक्टरांकडे आधी तुम्ही जा, मुलीचं काय करायचं ते त्यांनाच विचारा, तिला त्रास नसेल तर घाई करू नका.

कोर्सचं म्हणाल तर अकरावी सायन्स, मग मायक्रोबायोलॉजीत बीएससी-एमएस्सी, पुढे हवी तर पीएचडी, आणि बायोलॉजी घेतलं की मेडिकलही उघडं राहतं, कॉमर्स घेतलं की दोन्ही बंद. २०२३ मध्ये जपानच्या संशोधकांनी दाखवलं की डीएनए दुरुस्त करणाऱ्या काही जीनमधले बदल आणि हाच जंतू एकत्र आले तर धोका खूपच वाढतो, म्हणजे या प्रश्नावर अजून भरपूर काम चालू आहे आणि तुमच्या मुलीला नेमकं त्यातच शिरायचंय.

रिपोर्ट तिच्या हातात द्या, न सांगता टेस्ट केली याची माफी मागा, आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या.