‘तीन वर्षांपासून’ला इंग्रजीत काय म्हणावे?

प्रश्न : माझे शिक्षण परभणी जिल्ह्यातील मराठी शाळेत झाले असून सध्या मी एका कृषी सेवा केंद्रात हिशेबाचे काम पाहतो. अलीकडे एका मुलाखतीत मी ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स थ्री इयर्स’ असे सांगितले, तेव्हा वाक्य चुकल्याचे मला ऐकवण्यात आले. मात्र काय चुकले, हे कोणी सांगितले नाही. शिवाय रोज वीस शब्द पाठ करूनही ऐन वेळी ते आठवत नाहीत. मी काय करावे?
– एक वाचक, जिंतूर

उत्तर : आपल्या मनातले मराठी वाक्य शुद्धच होते, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. ‘पासून’ हा आपला एकच शब्द दोन कामे करतो. ‘पोळ्यापासून पाऊस नाही’ म्हणताना तो सुरुवातीचा दिवस दाखवतो, तर ‘महिन्यापासून पाऊस नाही’ म्हणताना मधे किती काळ गेला ते सांगतो. इंग्रजीत पहिल्यासाठी ‘सिन्स’ आणि दुसऱ्यासाठी ‘फॉर’ वापरतात. ओळखायचे कसे, तर ‘पासून’ काढून ‘झाला’, ‘झाली’ घालून पाहावे. ‘महिना झाला, पाऊस नाही’ हे आपण सहज बोलतो, म्हणून तिथे ‘फॉर अ मंथ’. ‘पोळा झाला, पाऊस नाही’ असे त्या अर्थाने कोणी बोलत नाही, म्हणून तिथे ‘सिन्स पोळा’. मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १९५८ची, म्हणून ते ‘सिन्स १९५८’ आहे, असेच म्हणावे लागेल. आपली ‘तीन वर्षे झाली’, म्हणजे ‘फॉर थ्री इयर्स’.

दुसरी चूक क्रियापदाची आहे आणि माझ्या मते तीच अधिक महत्त्वाची आहे. मराठीत ‘तीन वर्षांपासून काम करतो’ असा साधा वर्तमानकाळ पुरतो. पण पूर्वी सुरू झालेले आणि आजही चालू असलेले काम सांगताना इंग्रजीला ‘हॅव बीन’ लागते. म्हणून ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर थ्री इयर्स’. याऐवजी ‘आय वर्क्ड देअर फॉर थ्री इयर्स’ म्हटले, तर आपण ती नोकरी सोडली असा अर्थ होतो, आणि मुलाखतीत असा गैरसमज होऊ देणे परवडणारे नाही. ओळख सांगताना मात्र ‘बीन नोइंग’ न म्हणता ‘आय हॅव नोन हिम’ म्हणावे.

शब्दांविषयी थोडक्यात सांगतो. सुटा शब्द पाठ करू नका, कारण तो कोणत्या शब्दासोबत येतो हे कळल्याशिवाय बोलताना हाताशी येत नाही. आपण अभ्यासही ‘करतो’ आणि चूकही ‘करतो’; इंग्रजीत गृहपाठाला ‘डू’ लागते, चुकीला ‘मेक’. म्हणून रोज पाचच शब्द घ्या, पण प्रत्येकासमोर आपल्या दुकानात खरोखर बोलले जाणारे एक वाक्य लिहा. ‘क्रेडिट म्हणजे उधारी’ एवढेच वहीत असेल, तर गिऱ्हाइकाने बियाणे उधारीवर नेले हे सांगताना आपण अडाल. ‘ही बॉट द सीड्स ऑन क्रेडिट’ असे लिहिलेले असेल, तर त्यातला ‘ऑन’सुद्धा आपोआप तोंडी येईल.